यात काही चुकलेलं नाही

चांगली वस्तू बघून खूश होणारी माणसं पुष्कळ. बिघडलेली वस्तू बघून खूश होणारीही असतात, पण ती बहुधा शेजाऱ्याच्या वस्तूबाबत. पदरचे पैसे मोजून बिघडलेली वस्तू घरी आणायची, आणि ती चांगली निघाली तर दुकानदाराशी भांडायचं, असा माणूस अंबरनाथ पश्चिमेला आमच्याच सोसायटीत राहतो. सगळे त्यांना भिंगकाका म्हणतात. खरं नाव दारावरच्या पाटीवर आहे. त्या पाटीवरचं एक अक्षर जरा तिरकं बसलंय, आणि तेवढ्यासाठीच काकांनी ती पाटी घासाघीस न करता उचलली, असं काकू सांगतात.

काकांची नोकरी ऑर्डनन्समधली, तीही इन्स्पेक्शनची. अंबरनाथ पश्चिमेत 'ऑर्डनन्सला होते' एवढं सांगितलं की भोंगा, सायकल, डबा आणि क्वार्टर हे सगळं त्यात आलं. वेगळं सांगावं लागत नाही. दुसऱ्याने केलेला जॉब हातात घ्यायचा, गो गेज आत जाते आणि नो-गो बाहेर राहते ना ते बघायचं, मायक्रोमीटर लावायचा, आणि दोन थाऊने जरी माल चुकला असेल तर त्यावर लाल रंगाचा ब्रश फिरवून बाजूला टाकायचा, हे त्यांचं काम. भले भले टर्नर त्या ब्रशला टरकून असत. रिटायर झाल्यावर हाच माणूस चुकलेला माल शोधत मुंबईभर फिरू लागला. आता ते त्याला लाल रंग लावत नाहीत. पारदर्शक माउंटमध्ये घालून वहीत ठेवतात, आणि वर तारीख टाकतात.

माल म्हणजे पोस्टाची तिकिटं. जुनी.

तिकिटं जमवणाऱ्यांच्या नाना जाती आहेत. कुणी देश धरून जमवतो, कुणी विषय धरून: पक्षी, आगगाड्या, क्रिकेट, गांधीजी. काका या सगळ्यांना मिळून 'चित्रं बघणारे' म्हणतात. 'तिकिटावर चित्र असतं हे मलाही ठाऊक आहे,' ते सांगतात, 'पण चित्र काय, वाण्याच्या कॅलेंडरवरही असतं.' त्यांना हवं असतं ते चित्रकाराने काढलेलंच नसतं. राजाच्या नाकाखाली आलेला पांढरा ठिपका, किमतीच्या आकड्याला फुटलेलं शेपूट, चौकटीची तुटलेली रेघ, कडेच्या भोकांची भरकटलेली ओळ. असं काही दिसलं की काका खुर्चीत पुढे सरकतात. काही दिसलं नाही की तिकीट परत देताना त्यांचं एक ठरलेलं वाक्य असतं, आणि ते इतक्या खिन्न आवाजात येतं की ऐकणाऱ्याला वाटावं रिपोर्ट वाईट आलाय: 'छान आहे. यात काही चुकलेलं नाही.'

बाहेरच्या खोलीत खिडकीशी त्यांचं टेबल. टेबलावर दहा पट मोठं दाखवणारं भिंग, चपट्या तोंडाचा चिमटा, परफोरेशनची मोजपट्टी (दोन सेंटिमीटरमध्ये किती भोकं बसतात ते त्या पट्टीवर कळतं, आणि एवढ्या एका आकड्यावरून जुळ्या भावांसारख्या दिसणाऱ्या दोन तिकिटांचं गोत्र वेगळं निघतं) आणि एक काळी बशी. घरातल्या निम्म्या भांडणांचं मूळ ही बशी आहे. जुन्या तिकिटाच्या कागदात वॉटरमार्क असतो. ब्रिटिश अमदानीतल्या आपल्या तिकिटांत आधी हत्तीचं डोकं, मग चांदणी, मग कागदभर चांदण्या. ते बघायला तिकीट बशीत पालथं घालून वर बेंझिनचे दोन थेंब सोडायचे. खूण गडद उमटते, बेंझिन उडून गेलं की नाहीशी होते. बेंझिन पेट घेतं, म्हणून बशी निघाली की देवघरातलं निरांजन शांत करायचं, उदबत्ती विझवायची, गॅस बंद. काकूंची पूजा आणि काकांचा वॉटरमार्क यांचा मुहूर्त नेमका एकच असतो. 'हत्तीचं डोकंच बघायचंय ना,' काकू एकदा निरांजन हातात धरून म्हणाल्या, 'मग इकडे बघा. गणपती बसलेत केव्हाचे.'

दुसरा कायदा पंख्याचा. तिकिटं टेबलावर असताना पंखा लावायचा नाही. मे महिन्यात दुपारी तीन वाजता अंबरनाथला बिनपंख्याचं बसणं काय असतं ते इथे राहणारालाच कळेल. पाहुणा घामाने निथळत असतो आणि काका त्याला सांगत असतात, 'शिंक येणार असेल तर गॅलरीत.' पावसाळ्यात याच्या उलट तऱ्हा. हवेत इतका ओलावा की तिकिटामागचा गोंद आपणहून जागा होतो आणि तिकीट अल्बमला असं बिलगतं की सोडवताना पाठ सोलून निघते. म्हणून जून ते सप्टेंबर अल्बम लोखंडी कपाटात, सिलिका जेलच्या पुड्यांसकट. काकूंच्या पैठण्या तेवढे चार महिने पलंगाखालच्या ट्रंकेत जातात.

आता मुख्य शास्त्र. नवख्या माणसाला वाटतं, तिकिटावर डाग दिसला की लागली लॉटरी. तिथेच काका त्याला गाठतात.

'डाग कशाचा?'

'शाईचा असेल.'

'असेल. पण पडला कुठे? कागदावर की प्लेटवर?'

छपाई चालू असताना शाईचा थेंब उडाला, कागदाचं तूस मध्ये आलं, धुळीचा कण बसला, तर डाग एका तिकिटावर पडतो आणि संपतो. पुढच्या शीटवर तो नसतो. काका त्याला शिंतोडा म्हणतात; किंमत शून्य. पण खुद्द प्लेटवर ओरखडा गेला असेल, किंवा दगडावर नक्षी उतरवताना एखादी रेघ तुटली असेल, तर ती प्लेट मशीनवर असेपर्यंत प्रत्येक शीटमध्ये त्याच जागी, समजा तिसऱ्या ओळीतल्या सातव्या तिकिटावर, तीच खोट पुनःपुन्हा छापली जाते. हा 'कॉन्स्टंट' फ्लॉ. हा शब्द उच्चारताना काका आवाज खाली आणतात.

म्हणजेच एका तिकिटावर काहीही सिद्ध होत नाही. नेमकी तीच खोट असलेलं दुसरं तिकीट लागतं. 'एका साक्षीदारावर केस उभी राहत नाही,' काका म्हणतात. शेजारची तिकिटं चिकटलेला तुकडा मिळाला, शीटची कोरी कड सोबत आली, तर खोटीची जागा पक्की होते. असं एकेक तिकीट जमवून मूळ शीट जशीच्या तशी मांडायची, याला प्लेटिंग म्हणतात आणि त्यात माणसांची आयुष्यं गेली आहेत. १८५४ मध्ये कलकत्त्याच्या सर्व्हे ऑफिसात कॅप्टन थुइलियर यांच्या देखरेखीखाली दगडावर छापलेल्या अर्ध्या आण्याच्या आणि चार आण्याच्या तिकिटांवर मार्टिन आणि स्मायदीज या जोडगोळीने अख्खी पुस्तकं लिहून ठेवली आहेत. त्यातले स्मायदीज जंगलखात्यातले साहेब. दिवसा झाडं मोजायची आणि रात्री अर्ध्या आण्याच्या कमानी. कमानी खरोखरच मोजाव्या लागतात. अर्ध्या आण्याचं पहिलं तिकीट शेंदरी शाईत छापलं, त्याच्या नक्षीत साडेनऊ कमानी होत्या. विलायतेहून आणलेली ती शाई संपली, ते तिकीट बाजूला पडलं, आणि निळ्या शाईत आठ कमानींचं नवं निघालं. 'साडेनऊ' हा आकडा काका इतक्या आदराने घेतात की साडेसातीसुद्धा लोक तेवढ्या गांभीर्याने घेत नसतील.

हे शास्त्र तिकिटांपुरतं राहिलं असतं तर सोसायटी सुखात असती. काकांनी ते माणसांना लावलं.

सुरुवात बिल्डिंगपासून झाली. जगातलं पहिलं तिकीट, १८४० चं पेनी ब्लॅक, त्याच्या शीटमध्ये २४० तिकिटं: वीस ओळी, ओळीत बारा. प्रत्येकाच्या खालच्या कोपऱ्यांत दोन अक्षरं असत. डावं ओळीचं, उजवं ओळीतल्या जागेचं. आमची बिल्डिंग चार मजली, मजल्यावर तीन दारं. शीट वरून सुरू होते म्हणून चौथा मजला 'ए'. मी तिसऱ्या मजल्यावर शेवटच्या दारात, म्हणजे 'बी-सी'. काकांनी मीटरबॉक्सवर खडूने तशा खुणाही करून टाकल्या. एका कुरियरवाल्याला त्यांनी 'डी-ए'ला जा म्हणून सांगितलं. तो बिचारा डी विंग शोधत विम्को नाक्यापर्यंत जाऊन आला. आमच्याकडे विंगच नाहीत.

मग रहिवाशांची तपासणी. वॉचमन रोज रात्री अडीच ते चार त्याच खुर्चीत, त्याच बाजूला मान टाकून झोपतो. कमिटीत त्याला काढायचा ठराव आला तेव्हा काका उभे राहिले: 'कॉन्स्टंट आहे. माहीत असलेली खोट आहे. नवा आणाल, त्याची खोट शोधण्यात दोन वर्षं जातील.' ठराव बारगळला. खोटीची प्लेट हाताने दुरुस्त करतात त्याला रिटच म्हणतात, आणि दुरुस्त केलेली रेघ मूळ रेघांपेक्षा किंचित जाड दिसतेच. सेक्रेटरींनी पहिल्यांदा केस काळे केले त्या संध्याकाळी काका गेटवर त्यांच्याकडे बराच वेळ बघत राहिले आणि मग माझ्या कानाशी लागले, 'रिटच आहे. कल्ल्यापाशी जुनं काम दिसतंय.'

आमच्या घरी एकदा त्यांना बिनसाखरेचा चहा गेला. बायको ओशाळली. 'छे छे, शिंतोडा आहे,' काका उदारपणे म्हणाले, 'मनावर घेऊ नकोस.' पुढल्या खेपेला घाईगर्दीत पुन्हा तसंच झालं. काकांनी एक घोट घेतला, आणि त्यांचा चेहरा उजळला. 'दुसरा साक्षीदार!'

खरं सांगायचं तर मला हा हिशेब पटतो. आपण बहुतेकजण उलटं चालतो: कुणीतरी वीस वर्षांपूर्वी एकदा तोडून बोललेलं जन्मभर जपतो, आणि रोजच्या रोज छळणाऱ्याला 'त्यांचा स्वभावच तसा' म्हणून माफ करतो. हे मी काकांना सांगून पाहिलं. ते म्हणाले, 'तत्त्वज्ञान राहू दे, उजेडातून बाजूला हो.'

काकूंनी एकदा विचारलं, 'इतक्या वर्षांत माझ्यात एकही खोट दिसली नाही का तुम्हाला?'

'दिसल्या की,' काका भिंगातून डोळा न काढता म्हणाले, 'सगळ्या कॉन्स्टंट. म्हणून तर कॅटलॉगमध्ये आहेस.'

'आणि तुमची प्लेट केव्हाच झिजलीय,' काकू म्हणाल्या, 'नाकडोळेसुद्धा धड उमटत नाहीत हल्ली.' इतक्या वर्षांत काकूंनाही विषय तोंडपाठ झालाय.

काकांचं खरं तीर्थक्षेत्र नाशिकरोड. १८५५ पासून सत्तर वर्षं आपली तिकिटं लंडनच्या डी ला रू कंपनीकडे छापली जायची. १९२५ साली नाशिकरोडला सिक्युरिटी प्रेस उभी राहिली, आणि पुढल्या वर्षापासून तिकिटं तिथली. गाडी नाशिकरोडला थांबली की काका हात जोडतात. समोरच्या प्रवाशाला वाटतं, त्र्यंबकेश्वराला. बापूंची १९४८ ची देखणी तिकिटं मात्र स्वित्झर्लंडहून छापून आली, आणि त्यांच्याबद्दल काका मनापासून हळहळतात: 'स्विस माणसं. त्यांच्या हातून काय चुकणार?'

नाशिकच्या कामगिरीत त्यांचा जीव आहे तो १९४९ च्या एका तिकिटावर. त्या वर्षी १५ ऑगस्टला आपल्या प्राचीन शिल्पांची आणि वास्तूंची मोठी मालिका निघाली: तीन पैला अजिंठ्याचे हत्ती, नऊ पैला त्रिमूर्ती, सहा आण्याला विजापूरचा गोल घुमट. त्यात एक आण्यावर बोधिसत्त्व. मूर्तीचं चित्र उलटं लागलं आणि बोधिसत्त्वांचा पुढे केलेला उजवा हात डावा झाला. तसंच छापत राहिले. सुलट केलेलं तिकीट यायला १९५० चा जुलै उजाडला. ही गोष्ट काका शाळेतल्या मुलांना फार रंगवून सांगतात. दोन्ही तिकिटं शेजारी ठेवतात आणि मुलांना हात पुढे करून उभं राहायला लावतात. शेवटी एखादा व्यवहारी पोरगा विचारतोच, 'मग हे किती लाखांचं?'

'चहाबिस्किटांच्या पैशात मिळेल.'

'का? चुकलंय ना?'

'सगळंच्या सगळं चुकलंय, बाळा. त्याला व्हरायटी म्हणत नाहीत. त्याला सरकारी काम म्हणतात.'

लाखांचं ते वेगळं. त्या चुकीची कथा काका बसून सांगत नाहीत, उभं राहून सांगतात. १८५४ चं चार आण्याचं तिकीट दोन रंगांत होतं. आधी तांबडी चौकट छापायची, कागद वाळवायचा, मग तो पुन्हा घालून आत राणी व्हिक्टोरियाचं निळं डोकं. कुणीतरी कागद उलटा घातला. राणी चौकटीत शीर्षासन करू लागली, आणि तपासणाऱ्याच्या नजरेतून सुटून पोस्टात गेली. (इथे काका किंचित थांबतात. इन्स्पेक्शनमधल्या माणसाला सुटलेल्या मालाबद्दल बोलताना दम लागतो.) अमेरिकनांचं उलट्या विमानाचं चोवीस सेंटचं तिकीट जगभर गाजलं, शंभरांची एकच शीट; पण ते १९१८ चं. 'त्यांच्याआधी चौसष्ट वर्षं आपण राणीला उलटी टांगली होती,' हे वाक्य काका राष्ट्रगीताच्या आवेशात म्हणतात. आता या तिकिटाच्या मोजक्याच प्रती जगात उरल्यात, आणि त्यांतल्या बहुतेक अष्टकोनी कापलेल्या. त्या तिकिटांना भोकं नसत, कात्रीने सोडवावी लागत; तर त्या काळच्या नीटनेटक्या मंडळींनी पाकिटावर लावण्याआधी आतल्या नक्षीच्या कडेकडेने सुबक कात्री फिरवली. चौकोनी राहिलेल्या फारच थोड्या. काकांचा कात्रीवरचा राग इथला. ती त्यांच्या घरात काकूंच्या शिवणाच्या डब्याबाहेर येत नाही. दुधाची पिशवीसुद्धा दाताने फोडतात.

मराठी मुलखाचा अभिमान विचाराल तर तोही आहे. भोरच्या पंतसचिवांच्या संस्थानाने १८७९ मध्ये स्वतःची तिकिटं काढली होती, हे भोरमधल्या माणसालाही बहुधा काकांकडून कळतं. आणि शिंद्यांच्या ग्वाल्हेरने ब्रिटिश तिकिटांवर आपलं नाव छापून घेतलं तेव्हा काही ठिकाणी इंग्रजी 'ओ'च्या जागी 'सी' पडला. 'पानिपतावर चुकले ते चुकले,' काका म्हणतात, 'पण हे फार छान चुकले.'

मध्यंतरी जुन्या नोटा, नाणी, तिकिटं लाखोंना जातात असल्या मेसेजांचं पीक आलं होतं. तेव्हा काकांकडे रीघ लागली. तळमजल्यावरचा किराणावाला आजोबांच्या पेटीतली दोन तिकिटं रुमालात गुंडाळून घेऊन आला. बदलापूरला टू बीएचके बुक करायचा, टोकन भरायची तारीख जवळ आलेली, बायकोही बरोबर. पंखा बंद झाला. काकांनी एक तिकीट चिमट्याने उचललं, उजेडाकडे धरलं, तिरकं केलं, पालथं केलं, मोजपट्टीवर सरकवलं. निरांजन विझवायची खूण झाली, काकू उसासा टाकून उठल्या. बशी आली. घामाचा थेंब किराणावाल्याच्या हनुवटीवर येऊन लोंबकळत होता आणि तो पुसायचीही त्याची छाती होत नव्हती. मग दुसरं तिकीट, पुन्हा तेच. शेवटी काकांनी भिंग खाली ठेवलं आणि मायेने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. पुढचं वाक्य मला आधीच ऐकू आलं. 'छान आहेत रे दोन्ही. यांत काही चुकलेलं नाही.'

'म्हणजे असली आहेत ना?' बायकोने आशेने विचारलं.

'शंभर टक्के असली. तेच तर दुर्दैव.'

पण या छंदाचा खरा कस लागला तो काकांच्या मुलीच्या लग्नात. पत्रिका उल्हासनगरला कॅम्प पाचमधल्या एका प्रेसवाल्याकडे टाकल्या होत्या, चारशे. गठ्ठे आले, पाकिटांवर पत्ते घालायला आम्ही शेजारी बसलो, आणि काकूंनी कपाळाला हात लावला. त्यांच्या हातातल्या पत्रिकेत 'चि. सौ. कां.'वरचं टिंब गायब. 'चि. सौ. का! म्हणजे प्रश्नच विचारलाय सोयऱ्यांनी!' काकूंचे डोळे भरून आले. काकांनी ती पत्रिका घेतली. मग दुसरी घेतली. तिच्यात टिंब होतं. तिसरीत होतं. पुढच्या गठ्ठ्यात पुन्हा एक बिनटिंबाची निघाली. काका ताडकन उठले, चपला घातल्या आणि रिक्षा करून थेट प्रेसवर. मी मागोमाग, भांडण झालं तर सोडवायला म्हणून.

प्रेसवाल्याने त्यांना पत्रिका नाचवत येताना पाहूनच हात जोडले. 'अंकल, गलती हो गया. कल सुबह सब दुबारा छाप के देता, पैसा नहीं लेगा.'

'खबरदार!' काका ओरडले. 'एक शीटपर कितना छापते हो? चार? इसका नंबर कौनसा? प्लेट किधर है?'

एका कागदावर चार पत्रिका लावून छापल्या होत्या आणि चौथीच्या जागी प्लेटवर टिंबच उतरलं नव्हतं. प्रत्येक शीटमध्ये, त्याच जागी. चारशेत शंभर. ती अॅल्युमिनियमची प्लेट प्रेसवाल्याने भंगारातून काढून फुकट दिली, वर चहा पाजला, आणि आम्ही निघताना मला बाजूला घेऊन विचारलं, 'अंकल का तबियत ठीक है ना?'

घरी परतलो तर काकू निळं बॉलपेन घेऊन टिंबं द्यायला बसल्या होत्या. बारा देऊनही झाली होती. 'हाताने रिटच? माझ्या घरात?' काकांचा आवाज तळमजल्यापर्यंत गेला. त्या बारा पत्रिकांना आता वहीत स्वतंत्र पान आहे: 'हस्त-रिटच, निळी शाई, कर्ता ज्ञात.'

पुढचे पंधरा दिवस काका आमंत्रणं करत नव्हते, वसुली करत होते. एखाद्याच्या घरी जायचं, अक्षता द्यायच्या, पत्रिका ठेवायची, यजमान वाचत असतानाच ती त्यांच्या हातून काढून घ्यायची, भिंग लावायचं, आणि 'ही नको, ही घ्या, ही साधी आहे,' म्हणून दुसरी द्यायची. आधी वाटून झालेल्या घरी दुसऱ्यांदा जाऊन 'तुमची पत्रिका जरा बघू' म्हणायचं. ऑर्डनन्सचे जुने मित्र हे सहन करत. सोयऱ्यांकडच्यांना वाटलं, लग्न मोडतंय.

बदलापूरला काकांची थोरली बहीण असते, अक्का. मानाची पहिली पत्रिका तिची. पाकिटाला हळदकुंकू लागलं, पत्ता घातला गेला, आणि शेवटच्या क्षणी काकांच्या लक्षात आलं की आतली पत्रिका शीटच्या अगदी कोपऱ्यातली आहे. मशीनने नीट न कापल्यामुळे उजवीकडे बोटभर कोरी कड राहिलीय, कडेवर प्रेसची रंगखूण आहे, आणि टिंब नाही! असली दुसरी मिळणं नाही. त्यांनी ती हळूच काढून घेतली. बदली पत्रिका आत घालायची राहिली. पाकीट चिकटवून पोस्टात पडलं.

अक्कांना आपल्या सख्ख्या भाचीच्या लग्नाचं हळदकुंकू लावलेलं रिकामं पाकीट मिळालं.

त्या लग्नाला आल्या, कारण काकू स्वतः बदलापूरला जाऊन पाया पडून आल्या. पण मांडवात भेटेल त्याला 'आम्हाला पाकिटाचंच आमंत्रण होतं बरं का' असं सांगत हिंडल्या, आणि जाताना आहेराचं म्हणून जे पाकीट दिलं तेही रिकामं. काकांनी ते जपून ठेवलंय. जोडी झाली.

दोन दिवाळ्या अबोल्यात गेल्या. शेवटी काकूंनी निर्वाणीचं सांगितलं: अक्कांची पत्रिका अक्कांकडे गेली पाहिजे, तीच, कोपऱ्यातली, नाही तर यंदा पावसाळ्यात अल्बम ट्रंकेत आणि पैठण्या कपाटात. काकांनी दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी पत्रिका पारदर्शक माउंटमध्ये घालून, दोन पुठ्ठ्यांमध्ये धरून, रजिस्टर्डने धाडली.

अक्कांचा फोन आला तेव्हा मी तिथेच होतो. पंखा बंद होता. काकांनी स्पीकर लावला.

'अरे, पोरीला मुलगा झाला, आणि पत्रिका आत्ता मिळतेय होय?' अक्का कडाडल्या. मग जरा थांबून म्हणाल्या, 'आणि यात कां-वर टिंब नाही रे.'

'तुला दिसलं, अक्का?' काकांचा गळा दाटून आला. इतक्या माणसांना इतक्या पत्रिका गेल्या, परत आणल्या, पण आपणहून टिंबावर बोट ठेवणारं कुणी भेटलं नव्हतं.

'न दिसायला काय झालं? म्हातारी झालेय, आंधळी नाही झाले. आणि टिंबाचं काय घेऊन बसलास, तुझ्या नावाखालच्या रेघेतसुद्धा तूट आहे.'

काकांनी ती तूट पाहिलेली नव्हती. प्लेट भिंतीशी टेकवून ठेवलेली होती, ती त्यांनी ओढून घेतली, भिंग पाडलं, उचललं. 'कुठे? कितव्या अक्षराखाली? थांब, हलू नकोस. अक्का, सगळं जपून ठेव. पाकीट कसं उघडलंस? फाडलं नाहीस ना?'

'फाडते कशाला? कात्रीने उघडलं,' अक्का म्हणाल्या. 'आणि पत्रिकेच्या कडेला तो बोटभर कोरा कागद उगीच लोंबत होता ना, तोही टाकला कापून. आता कशी नीट दिसतेय.'